'मागेल त्याला काम' ते 'मागेल त्याला कर्ज'

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने तलाठ्यांच्या ४,६४४ जागा भरण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षाशुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये होते. बेकारांच्या खिशातून या एका भरतीपायी किती कोटी रुपये गोळा झाले असतील, याचा हिशेब वाचकांनी घरी करून पाहावा. पुढच्याच वर्षी पोलीस दलातील सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले आणि ऐन पावसाळ्यात मैदानी चाचण्या उरकण्यात आल्या. शिपायाच्या जागेसाठी पदवीधरच नव्हे, तर अभियंतेही रांगेत उभे होते.

या रांगेला राज्यकर्त्यांनी एक ठरीव उत्तर शोधून काढले आहे : नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. हे उत्तर आजचे नाही आणि एका पक्षाचेही नाही. १९९३ साली सुशिक्षित बेकारांसाठी प्रधानमंत्री रोजगार योजना आली, २००८ साली तिच्या जागी दुसरी आली, २०१५ साली मुद्रा योजना आली. सरकारे बदलली, योजनांची नावे बदलली. बेकार तरुणाच्या हाती ठेवण्याची वस्तू मात्र तीच राहिली, कर्जाचा अर्ज.

ज्या राज्यात हे घडते आहे, त्या राज्याने एके काळी याहून वेगळे उत्तर दिले होते, याचे स्मरण नव्या कार्यकर्त्यांना करून देणे अगत्याचे आहे. १९७२च्या भीषण दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांतून आणि कामे उघडा म्हणून तहसील कचेऱ्यांवर धडकणाऱ्या मोर्चांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, १९७५ साली तिच्यासाठी शहरातील पगारदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला आणि १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला. 'मागेल त्याला काम' ही त्या योजनेची घोषणा होती. काम देणे हे शासनाचे कर्तव्य, ते न दिल्यास भत्ता देणे हेही शासनाचेच कर्तव्य, असा तिचा आशय होता. संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदातील कामाच्या हक्काला, मर्यादित का होईना, कायद्याचे हाडमांस लाभले ते येथे. योजनेत भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके निघाली, हे सारे खरे. तरीही बेकारी हा बेकाराचा दोष नसून समाजाचे देणे आहे, ही भूमिका तिने मान्य केली होती. 'मागेल त्याला कर्ज' या नव्या धोरणाने नेमकी तीच भूमिका उलटी केली. आता काम निर्माण करण्याची जबाबदारी बेकाराची, जोखीम बेकाराची, आणि धंदा बुडाला तर थकबाकीदार म्हणून बँकेच्या फलकावर लागणारे नावही त्याचेच.

बेकारीची कारणे सांगताना अलीकडे 'कौशल्याचा अभाव' हे कारण सर्वांत पुढे केले जाते. उद्योगपती ते बोलतात, मंत्री ते बोलतात, आणि दुर्दैवाने बेकार तरुणही स्वतःबद्दल तेच बोलू लागला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि मानवी विकास संस्था यांनी मिळून २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक रोजगार अहवालाने जे चित्र मांडले, ते या कारणमीमांसेत बसत नाही. २०२२ साली निरक्षर तरुणांतील बेकारी ३.४ टक्के होती, तर पदवीधर तरुणांतील बेकारी २९.१ टक्के. शिक्षणाचा दर्जा खालावला आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु कुशल माणसांची खरोखरीच एवढी चणचण असती, तर जी थोडी कुशल माणसे आहेत त्यांचे पगार भराभर वाढावयास हवे होते. औद्योगिक वसाहतींत आयटीआय झालेला मुलगा वर्षानुवर्षे कंत्राटी हजेरीवर राबतो आणि कायम होण्याच्या आतच त्याला खंड दिला जातो. चणचण कौशल्याची आहे की नोकऱ्यांची, हे त्यावरून समजावे.

उत्पादन वाढत गेले पण त्या प्रमाणात माणसे लागली नाहीत, हे मूळ दुखणे आहे. मुंबईच्या गिरण्यांनी कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी पिढ्या सामावून घेतल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर सुमारे अडीच लाख कामगारांचे ते जग मोडले आणि गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. शासनाने स्वतःची पदे रिकामी ठेवली. सप्टेंबर २०२३ मध्ये तर खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णयच काढण्यात आला. तरुण रस्त्यावर उतरल्यावर पुढच्या महिन्यात तो मागे घ्यावा लागला. २०१६ची नोटाबंदी, २०१७चा वस्तू व सेवा कर आणि २०२०ची टाळेबंदी यांनी लहान धंद्यांचे काय केले, ते प्रत्येक बाजारपेठेतल्या बंद फळ्या सांगतात.

मग स्वयंरोजगाराने काय साधले? अधिकृत श्रमबल पाहणीनुसार देशातील एकूण रोजगारात स्वयंरोजगाराचा वाटा २०१७-१८ मध्ये ५२ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ५८ टक्क्यांवर गेला. बेकारीचा दर घटल्याची जी आनंदवार्ता दिली जाते, तिचे रहस्य बऱ्याच अंशी येथे आहे. या वाढीत घरच्या दुकानात किंवा शेतात बिनपगारी राबणाऱ्यांचीही गणना होते आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. मुद्रा योजनेच्या पहिल्या दहा वर्षांत ५२ कोटींहून अधिक कर्जे आणि सुमारे ३२ लाख ६१ हजार कोटी रुपये दिले गेल्याचे शासन सांगते. भागाकार केला तर एका कर्जाला सरासरी ६२ ते ६३ हजार रुपये येतात. एवढ्या रकमेत शिलाई मशीन येते, हातगाडी येते, जुन्या रिक्षेचा पहिला हप्ता भरता येतो. ज्याला यांतून पोट भरता आले त्याचे अभिनंदनच करावयास हवे. पण दुसऱ्याला नोकरी देणारा कारखानदार त्यातून उभा राहील, ही अपेक्षा चेष्टा वाटावी अशी आहे. केंद्रीय श्रम खात्याच्या पाहणीचा जो मसुदा २०१९ साली वृत्तपत्रांतून बाहेर आला, त्यानुसार कर्ज घेणाऱ्या पाचांपैकी जेमतेम एकाने नवा धंदा सुरू केला होता.

कर्ज मिळाले, यंत्र आले, तरी उद्योजक म्हणविणाऱ्या तरुणाची स्थिती प्रत्यक्षात कशी असते, हे पाहण्यासाठी इचलकरंजीकडे पाहावे. एका शतकाहून अधिक काळ यंत्रमागांच्या खडखडाटावर जगणारे हे गाव आहे. येथे छोट्या मागधारकांचा एक मोठा वर्ग 'खर्चीवाला' म्हणून ओळखला जातो. सूत व्यापाऱ्याचे, विणलेले कापडही व्यापाऱ्याचे. खर्चीवाल्याने आपल्या मागावर ते विणून द्यावयाचे आणि पिकांच्या हिशेबाने मजुरी घ्यावयाची. शेड त्याची किंवा भाड्याची, माग त्याचे, बँकेचा हप्ता त्याचा, वीजबिल त्याचे, कांडीवाल्या बाईची आणि मागावरच्या कामगाराची मजुरीही त्यानेच द्यावयाची. मजुरीचा दर मात्र तो ठरवीत नाही. बाजार पडला की व्यापारी सूत देणे थांबवितो. माग बंद राहतात, हप्ता चालू राहतो. कापड दिल्यानंतर पैसे केव्हा मिळतील, हेही व्यापाऱ्याच्या मर्जीवर. कागदोपत्री हा माणूस उद्योजक आहे. वस्तुस्थितीत तो अंगावर काम घेणारा कामगार आहे. फरक एवढाच की कामाच्या अवजारांचे कर्जही त्याच्याच डोक्यावर आहे.

२०१३ साली इचलकरंजीतील यंत्रमाग कामगारांनी दीर्घ संप केला आणि आपली मजुरी महागाईशी जोडून घेतली. तो विजय न्याय्य होता. पण व्यापाऱ्याकडून खर्चीवाल्याला मिळणाऱ्या मजुरीला तसा भक्कम आधार कधीच लाभला नाही. परिणामी दरवर्षी मजुरीवाढीच्या आणि दिवाळीच्या तोंडावर बोनसच्या प्रश्नावर कामगार आणि खर्चीवाला समोरासमोर उभे ठाकतात. एकाची चूल आणि दुसऱ्याचा हप्ता यांत भांडण जुंपते आणि ज्याच्या हाती सूत, बाजार आणि पैसा आहे तो त्या भांडणापासून दूर, आपल्या पेढीवर बसलेला असतो. मालेगाव आणि भिवंडीतही तपशिलाच्या फरकाने हेच पाहावयास मिळते. मोठ्या मोटार कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या भोसरी-चाकणच्या वर्कशॉपवाल्याची गोष्टही याहून फार निराळी नाही.

तेव्हा तरुण उद्योजकाला प्रथम काय हवे, याचे उत्तर बँकेच्या शाखेत सापडावयाचे नाही. त्याला गिऱ्हाईक हवे आणि गिऱ्हाइकाने पैसे वेळेवर द्यावयास हवेत. यासाठी कायदाच नाही, असेही नव्हे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६च्या कायद्याने लहान उद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन घातले आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. कायदा चांगला आहे. अडचण अशी की, त्याचा आधार घेण्यासाठी लहान माणसाने आपल्या एकुलत्या एक गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार गुदरावयास हवी. ज्याच्या हातून उद्याचे काम मिळावयाचे आहे, त्याच्यावर आज दावा कोण लावील? आणि जेथे ऋणको शासन स्वतःच असते, तेथे तर बोलणेच खुंटते. २०२५ साली राज्यातील कंत्राटदारांच्या संघटना हजारो कोटींच्या थकीत देयकांसाठी आंदोलन करीत होत्या. त्यांतले बडे ठेकेदार तग धरतात. सुशिक्षित बेकार अभियंता म्हणून नोंदणी करून छोटी कामे घेणारा आणि सिमेंटवाल्याची उधारी अंगावर असलेला तरुण त्यात चिरडला जातो.

म्हणून रोजगार हमीच्याच धर्तीवर एका दुसऱ्या हमीची मागणी समाजवाद्यांनी लावून धरावी : 'माल दिला त्याला दाम'. मान्य झालेले देयक ४५ दिवसांत चुकते झाले नाही, तर राज्याच्या एका निधीने ते लहान उद्योगाला चुकते करावे आणि व्याजासह ती रक्कम खरेदीदाराकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावी. तक्रार करण्याचा भार पुरवठादारावर न राहता निधीवर राहील. पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न येईल. १९७५ साली व्यवसाय कर बसविताना तोच प्रश्न आला होता आणि त्याचे उत्तर सापडले होते. खोटी देयके निघतील हा आक्षेप खरा आहे; खोटी हजेरीपत्रकेही निघत होती, आणि ती गावच्या चावडीवर वाचून दाखविण्याचे काम कार्यकर्त्यांनीच केले होते.

याच्या जोडीला सार्वजनिक खरेदीचे हत्यार आहे. केंद्राच्या २०१२च्या खरेदी धोरणाने, २०१८ सालच्या दुरुस्तीसह, केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी २५ टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करावी आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी, असे ठरविले. हे ४ टक्क्यांचे उद्दिष्ट वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. ज्याच्या घरात तारण ठेवण्याजोगी जमीन नाही, उधारीवर माल देणारा मामा-काका बाजारपेठेत नाही, त्या दलित-आदिवासी तरुणाला या खरेदीचा आधार सर्वांत आधी हवा होता.

आणि सहकार? महाराष्ट्रात हा शब्द उच्चारताच साखरसम्राटांचे चेहरे डोळ्यांपुढे येतात, मजूर संस्थांच्या पाट्या लावून बसलेले ठेकेदार आठवतात. हा अनुभव खोटा नाही. परंतु केरळातील उरळुंगल येथे १९२५ साली मजुरांनी काढलेली कंत्राटी कामांची सहकारी संस्था शंभर वर्षांनंतरही मोठमोठे रस्ते व पूल बांधते आहे. पुण्यात कचरावेचक स्त्रियांनी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभारून महापालिकेशी करार केला. दोन्हीकडे राबणारे हेच सभासद आहेत. डॉ. लोहियांनी १९५२ साली पंचमढीला छोट्या यंत्राचा विचार मांडला, त्याला विस्तव द्यावयाचा तर सूतखरेदी आणि कापडविक्री खर्चीवाल्यांच्या सामूहिक हातांत आणण्याचे काम आधी करावे लागेल.

पण मग कामगारांना तुटपुंजे वेतन देणाऱ्या छोट्या मालकाची तरफदारी समाजवाद्यांनी का करावी, असा प्रश्न पक्षातलेच काही जुने कार्यकर्ते विचारतात. तो टाळता येणार नाही. किमान वेतन देणाऱ्या आणि कामगारांची नोंद ठेवणाऱ्या उद्योगालाच ही दामाची हमी मिळावी, ही अट सुरुवातीपासून असली पाहिजे. चळवळीने आजवर गिरणी कामगार संघटित केला, हमाल संघटित केला, शेतमजुरांचे मोर्चे काढले. दोन माग टाकून बसलेल्या, एक लेथ भाड्याने घेतलेल्या किंवा मोबाइलच्या दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या तरुणाला मात्र तिने 'छोटा मालक' म्हणून सोडून दिले. तो मग जातीच्या महामंडळाच्या दारात गेला किंवा धर्माच्या मिरवणुकीत गेला. त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या दुकानात कोण गेले होते, याचाही विचार व्हावा.

इचलकरंजीतील कार्यकर्त्यांना सुरुवातीसाठी एक काम लगेच करता येण्याजोगे आहे. येत्या दिवाळीपूर्वी बोनसच्या वाटाघाटी सुरू होतील. कामगार संघटना आणि खर्चीवाल्यांची संघटना यांनी संयुक्त सह्यांचे निवेदन सहायक कामगार आयुक्तांना आताच द्यावे आणि सूत-कापड व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींनाही त्या बैठकीचे लेखी बोलावणे जावे, अशी मागणी करावी.