मिटलेले पुस्तक

आंबवड्याहून एका सूनबाईंचे पत्र आले आहे. भोर तालुक्यातले हे गाव आपल्यापैकी काहींनी नागेश्वराच्या मंदिरासाठी किंवा तिथल्या झुलत्या पुलासाठी पाहिले असेल. पत्र लिहिणारे कुटुंब ख्रिस्ती आहे. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. या घरात आल्यापासून पहाटे, चहाच्याही आधी, बायबलचा एक अध्याय वाचायचा हा त्यांचा नेम. गेल्या पावसाळ्यात सासरे गेले आणि तेव्हापासून पुस्तक फडताळात मिटून पडले आहे. विचारले तर ‘मन लागत नाही’ एवढेच उत्तर. चर्च दूर, पाळकसाहेबांचे येणे क्वचित. सूनबाई विचारतात, आग्रह करावा की गप्प राहावे?

दोन्हींच्या आधी सासूबाईंचे डोळे तपासून घ्यावेत, असे मी त्यांना कळवले. उत्तर कोरडे वाटेल, पण बायबलचा कागद पातळ असतो, अक्षर बारीक आणि ओळी दाट. मोतीबिंदू इतक्या सावकाश वाढतो की माणूस दोष दिव्याला देतो, छपाईला देतो आणि शेवटी स्वतःच्या मनाला देतो. ज्यांनी आयुष्यभर घराला वाचून दाखवले, त्यांना ‘मला दिसत नाही’ हे तीन शब्द फार जड जातात. आपल्या घरीही अशी शंका असेल तर एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहायला सांगावे, मग दुसरा. सरळ कड वाकडी किंवा तुटक दिसली, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तो दोष मोतीबिंदूचा नसून दृष्टिपटलाचा असू शकतो.

दुसरी गोष्ट अन्न आणि झोप यांची. जोडीदार गेल्यानंतरचे दुःख हा आजार नव्हे. परंतु जेवण तुटले आहे, झोप पहाटे तीनलाच संपते, आवडत्या नातवंडाशीही बोलणे नको वाटते, ‘आता मला न्या’ असे वारंवार तोंडी येते, आणि हे आठवडेच्या आठवडे चालले आहे, तर डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. उतारवयातील नैराश्यावर उपचार आहेत. ‘श्रद्धा कमी पडली’ असे म्हणून त्यावर पांघरूण घालणाऱ्यांनी पहिल्या राजांच्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय वाचावा. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करीत नाही. त्याला हात लावून उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे पुढे ठेवतो, पुन्हा झोपू देतो, आणि उठल्यावर पुन्हा खाऊ घालतो. पुढचा प्रवास त्यानंतर आहे. शुश्रूषा करणाऱ्यांसाठी इतके नेमके पान मी दुसरीकडे फारसे पाहिलेले नाही.

हे दोन्ही पाहून झाले की मग वाचन. काय वाचावे? इथे मात्र माझे मत थोडे परखड आहे. आजाऱ्यापुढे आपण शोधून शोधून आनंदाची वचने ठेवतो. ऐकणाऱ्याला वाटते, घरच्यांना माझे रडणे नको आहे. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतली कितीतरी उघडउघड गाऱ्हाणी आहेत. एकाहत्तरावे स्तोत्र ही शक्ती ओसरत चाललेल्या माणसाची, म्हातारपणी मला टाकू नकोस अशी, विनवणी आहे. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. शेवटी समाधानाची एक ओळही नाही. ज्या भूमीत भक्तांनी विठ्ठलाशी हक्काने भांडण केले, तिथे हे परके वाटू नये. मनात दाटलेल्या तक्रारीला कुणीतरी फार पूर्वी शब्द दिले होते आणि ते शब्द पवित्र शास्त्रात जपून ठेवले गेले, हे ऐकणे हाच कित्येकांना पहिला विसावा असतो.

याच पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात बायबलचे मराठी भाषांतर केले. पुराण सांगत गावोगाव फिरणाऱ्या घरातली ही मुलगी. ग्रंथ हा ऐकायचा असतो, हे तिला बालपणीच कळलेले. मुळातून अर्थ कळावा म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईलाही समजेल अशी सोपी भाषा त्यांनी धरली. मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया खिळे जुळवीत. वयाबरोबर रमाबाईंना ऐकू येणे फार कमी झाले होते. १९२१ च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही मुद्रिते तपासण्याचे काम चालूच राहिले, आणि ते हातावेगळे झाल्यावर थोड्याच काळात, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांचे निधन झाले. शोक सरल्यावर त्या कामाला बसल्या असतील असे मला वाटत नाही. रोजचे पान समोर होते, म्हणून बसल्या असाव्यात.

घरी कसे वाचावे, याविषयी थोडेसे. वेळ रोज तीच ठेवावी. दिवेलागणीला ज्यांचे मन सैरभैर होते, त्यांच्यासाठी त्याच्या थोडे आधी. उजेड वाचणाऱ्याच्या खांद्यामागून यावा. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासमोर, ओठ दिसतील असे बसावे. ओरडू नये, सावकाश वाचावे. पाच-सात मिनिटे पुरेत. स्मृतिभ्रंश झालेल्यांना नवे प्रकरण समजले नाही तरी लहानपणी पाठ केलेले स्तोत्र कधीकधी ओठांवर आपसूक येते. शब्द चुकला तर चुकू द्यावा. मोठ्या टाइपाची प्रत मिळते, ध्वनिमुद्रित बायबलही मिळते. पण यंत्र लावून आपण स्वयंपाकघरात निघून गेलो, तर निम्मे औषध वाया गेले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ (छपाई १६१६) ओवीत रचले, ते माणसांनी एकत्र बसून ऐकावे म्हणूनच. आणि हो, दिवसभर औषधाच्या गोळ्या मोजणाऱ्या सूनबाईंनीही त्या पाच मिनिटांत काही मोजू नये.

दोन महिन्यांनी दुसरे पत्र आले. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. दुःख आहे तसे आहे. आता स्वतः वाचता येत असूनही त्या वाचत नाहीत, सातवीतल्या नातवाला बसवतात. नावांशी तो अडखळतो. नबुखद्नेस्सरापाशी तर रोज थांबतो. परवा अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचून झाल्यावर तो म्हणाला, “आजी, हे अर्धवटच संपलंय.” त्या म्हणाल्या, “हो. पुढचं उद्या वाच.”