जेथे गाडी थांबत नाही

'प्रवासाचे फायदे' या विषयावर निबंध लिहिला नाही असा विद्यार्थी आपल्या शाळेत सापडणार नाही. आम्हीही तो लिहिला, पुढे शिक्षक झाल्यावर शेकड्यांनी तपासला, आणि 'ज्ञान वाढते', 'दृष्टी विशाल होते' अशी वाक्ये आढळली की खूण करून गुण देत आलो. गेल्या दसऱ्याच्या सुटीत श्रीलंकेचा प्रवास करून आल्यापासून मात्र त्या वाक्यांना सरसकट गुण द्यावेत की नाही, याविषयी आमच्या मनात शंका उत्पन्न झाली आहे. ती येथे मांडावयाची आहे. सविस्तर प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा हेतू नाही.

आम्ही म्हणजे या शाळेतील तिघे शिक्षक, आमची कुटुंबे आणि बेळगावातील परिचित मंडळी, लहानमोठी मिळून एकोणीस. एका प्रवासकंपनीच्या सहलीत आम्ही नावे घातली होती. सात दिवस व नऊ ठिकाणे असा कार्यक्रम छापून आला: अनुराधपूर, दंबुल्ला, सिगिरिया, पोलोन्नरुवा, कँडी, नुवरा एलिया, गाल, बेंतोटा व शेवटी कोलंबो. नकाशा उघडून पाहिला तेव्हा यात काही अवघड आहे असे वाटेना. श्रीलंकेचे क्षेत्रफळ सुमारे ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. एवढेसे बेट सात दिवसांत सहज पाहून होईल, उलट एखादा दिवस उरेल, असे आमच्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे मत पडले. तो उरला नाही, हे निराळे सांगावयास नको.

आरंभीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अशी आखीव सहल नसती तर आमच्यापैकी निम्मी माणसे आयुष्यात समुद्र ओलांडून गेलीच नसती. आमच्यात सत्तरी उलटलेल्या दोन आजी होत्या. त्यांना परक्या मुलुखात मुक्काम शोधावा लागला नाही, शाकाहारी जेवणासाठी वणवण करावी लागली नाही, की गाडीसाठी ताटकळावे लागले नाही. आमचा वाटाड्या सिंहली गृहस्थ होता. तो इंग्रजी उत्तम बोले, हिंदी कामापुरती बोले, आणि दोन्ही आजींना 'अम्मा' म्हणून हात धरून पायऱ्या चढवी. प्रवासकंपन्यांची टिंगल करणे सोपे असते, पण ज्यांना स्वतःच्या बळावर हिंडता येते त्यांनीच ती करावी. आमचे गाऱ्हाणे निराळे आहे.

पहिला मुक्काम अनुराधपूरचा. अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधिवृक्षाची फांदी लंकेत नेली व इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ती येथे लावली गेली, अशी परंपरा आहे. त्या वृक्षापुढे पांढऱ्या वस्त्रांतील माणसे शांतपणे बसली होती. आम्हांस तेथे पाऊण तास मिळाला. लंकेच्या 'महावंस' या पाली ग्रंथात अशी कथा आहे की, विजय नावाचा राजपुत्र लंकेत उतरण्यापूर्वी प्रथम सुप्पारक बंदरी उतरला होता, परंतु त्याच्या अनुयायांच्या दांडगाईमुळे त्याला तेथून पुन्हा गलबत हाकारावे लागले. हे सुप्पारक म्हणजे वसईजवळचे आपले सोपारे, जेथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. ही गोष्ट आम्ही मुलांना सांगू लागलो तोच गाडीचा कर्णा वाजला आणि विजयाचे गलबत तसेच अर्ध्या समुद्रात राहिले.

त्याच दिवशी अनुराधपूरच्या तिस्सवेवा तलावाच्या काठाने आमची गाडी गेली. 'वेव' म्हणजे तळे. दंबुल्ल्याच्या वाटेवर तर तळ्यांमागून तळी दिसू लागली. काही एखाद्या गावापुरती, काही क्षितिजापर्यंत पसरलेली. बेटाचा हा उत्तरेकडील भाग कोरडा प्रदेश म्हणून ओळखला जातो. येथील मुख्य पाऊस वर्षअखेरीच्या महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि बाकीचे दिवस भाताच्या शेताला साठवलेल्या पाण्यावरच अवलंबून राहावे लागते. उष्ण कटिबंधातील देश म्हणजे बारमाही हिरवळ आणि नारळीची झाडे, अशी आमची कल्पना होती. ती येथे पार खोटी ठरली. केकिरावा या गावाजवळ एक फाटा लागला तेव्हा आमच्यापैकी एकाने सहज विचारले, की ही वाट कोठे जाते?

"कलावेवाला," वाटाड्या म्हणाला, आणि त्याने जी हकीकत सांगितली ती ऐकून गाडीतील पेंगणारी माणसेही सावरून बसली. पाचव्या शतकात धातुसेन राजाने हे विस्तीर्ण तळे बांधविले. तेथून सुमारे ८७ किलोमीटर लांबीच्या पाटाने पाणी अनुराधपूरच्या तिस्सवेवात आणले. पाटाच्या आरंभीच्या टप्प्यात उतार दर किलोमीटरला अवघा दहा सेंटिमीटरांच्या आसपास ठेवला आहे. म्हणजे सकाळी आम्ही ज्या तळ्याच्या काठाने आलो, ते तळे भरण्यासाठी हा पाट बांधला होता! पुढे धातुसेनाच्या मुलाने, कश्यपाने, बापाचे राज्य हिरावून घेतले व त्याला धनाचा साठा कोठे आहे ते दाखव म्हणून दरडावले. म्हाताऱ्याने मुलाच्या माणसांना कलावेवाच्या काठी नेले, ओंजळीत पाणी घेतले आणि माझे धन ते एवढेच, असे सांगितले. कश्यपाने त्याला ठार केले. नंतर भावाच्या सूडाच्या भयाने तो सिगिरियाच्या कड्यावर किल्ला बांधून राहिला.

ही कथा ऐकल्यावर आम्ही ते तळे पाहण्याचा आग्रह धरला. वाट फार लांबची नव्हती. वाटाड्याने घड्याळ पाहिले, मालकांना दूरध्वनी केला आणि खेदाने मान हलविली. ते ठिकाण कार्यक्रमात नव्हते. गाडी पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सिगिरिया झाले. सुमारे दोनशे मीटर उंचीचा तो एकाकी कातळ, कपारीत रंगविलेल्या त्या स्त्रिया, सुमारे बाराशे पायऱ्या, माथ्यावरील राजवाड्याचे जोते, हे सर्व अद्भुत आहे यात संशय नाही. तेथे आम्हांस सर्वांत विलक्षण वाटली ती 'आरशाची भिंत'. शतकानुशतके येथे आलेल्या प्रवाशांनी त्या गुळगुळीत भिंतीवर चिमुकल्या अक्षरांत कविता कोरल्या आहेत. सेनरत परणवितान या विद्वानांनी त्यांतील ६८५ वाचून १९५६ साली प्रसिद्ध केल्या. त्यांतील बहुतेक आठव्या ते दहाव्या शतकांतील आहेत. कोणी भिक्षू, कोणी शिपाई, काही स्त्रियाही. त्या काळचे प्रवासी येथे येत, चित्रे पाहत, थबकत आणि दोन ओळी जुळवीत. आमच्या गटाने त्या भिंतीपुढे छायाचित्रे काढली व मागून रेटा येताच पुढे सरकला. आता भिंतीवर काही लिहिणे हा गुन्हा आहे, आणि तो असावाच. पण लिहिण्याजोगे काही सुचण्याइतका वेळ तरी आमच्यापैकी कोणास मिळाला होता?

बापाला मारणाऱ्या मुलाचा किल्ला सर्व जग पाहावयास जाते आणि बापाचे तळे वाटेवर असूनही गाडी तेथे वळत नाही. ही केवळ आमच्या सहलीची चूक नव्हे. डोळे दिपविणारे तेवढे ठिकाण, आणि ज्याच्यावर माणसे जगतात ते रस्त्याकडेचे दृश्य, अशी विभागणी प्रत्येक छापील कार्यक्रमात आधीच झालेली असते. आमची तक्रार आहे ती या विभागणीविरुद्ध.

बरे, वेळ नव्हता म्हणावे तर तेही खरे नाही. पोलोन्नरुव्यास एकाच कातळात कोरलेल्या चार मूर्तींपुढे वीस मिनिटे मिळाली. परंतु त्यानंतर रत्नांच्या दुकानात दीड तास गेला. माताळ्याजवळ मसाल्याच्या बागेत सव्वा तास. तेथे एका तरुणाने आम्हांस मिरीचा वेल, वेलदोडा व हळद मोठ्या अपूर्वाईने दाखविली. आमच्यातील एका आजींचे माहेर कोकणात. त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी हळद कशी उकडावी हे त्या तरुणालाच समजावून दिले. दालचिनी मात्र खरोखर तिथलीच, आणि ती सोलण्याचे कौशल्य पाहण्यासारखे होते.

सर्वांत अधिक बोचली ती गोष्ट पुढची. कँडीहून नुवरा एलियाकडे चढताना चहाचे मळे सुरू होतात. आम्हांस एका कारखान्यात नेले. पाने कोमेजविणे, मळणे, आंबविणे, वाळविणे, चाळून प्रतवारी लावणे, सगळे नीट दाखविले. १८६७ साली जेम्स टेलर याने कँडीच्या परिसरात पहिला व्यापारी मळा लावला, त्यानंतर लवकरच कॉफीवर तांबेरा पडून ती बुडाली आणि चहाने तिची जागा घेतली, हेही सांगितले. चहा चाखला, पुडे विकत घेतले. तो चहा खुडतो कोण, याविषयी मात्र एक शब्द निघाला नाही.

कारखान्याच्या मागील वाटेने पाठीवर पोती घेतलेल्या काही बाया उतरत होत्या. आमच्या एका सहकारी बाईंना तमिळ येत नाही, परंतु बेळगावात राहून कन्नड चांगले येते. त्यांनी एकीला हाक मारली, "अक्का!" हा शब्द मराठीत, कन्नडमध्ये, तमिळमध्ये आणि सिंहलीतही एकच आहे. ती थांबली, हसली. बाईंनी विचारले, "ऊरु?" गाव कोणते? तमिळमध्ये हाच शब्द 'ऊर' असा आहे. तिला प्रश्न कळला. तिने उतारावरील पत्र्याच्या छपराच्या एका लांब ओळीकडे बोट दाखविले. एकाला एक चिकटलेल्या खोल्यांची ती ओळ. तेवढ्यात आमच्या गाडीचा कर्णा वाजला.

त्या बोटाचा अर्थ आम्हांस घरी परतल्यावर, पुस्तके चाळल्यावर कळला. ब्रिटिश अंमलात कॉफीच्या व पुढे चहाच्या मळ्यांसाठी तमिळ प्रदेशातून मजूर नेले गेले. त्यांची मुले, नातवंडे तेथेच जन्मली. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९४८ साली, नागरिकत्वाचा जो कायदा झाला त्याने यांपैकी बहुसंख्यांना कोणत्याच देशाचे ठेवले नाही. १९६४ साली लालबहादूर शास्त्री व सिरिमावो भंडारनायके यांच्यात करार झाला. त्यानुसार ५,२५,००० माणसे भारताने व ३,००,००० श्रीलंकेने घ्यावयाची ठरली. उरलेल्या दीड लाखांचा प्रश्न पुढे ढकलला गेला आणि १९७४ साली ती निम्मी निम्मी वाटली गेली. धान्याच्या पोत्यांचा हिशेब करावा तसा हा माणसांचा हिशेब! कित्येकांना 'परत' पाठविले गेले ते त्यांनी कधी न पाहिलेल्या देशात; त्यांतील काहींना नीलगिरीच्या चहामळ्यांत काम मिळाले. जे मागे राहिले त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न सोडविणारा कायदा होण्यास २००३ साल उजाडावे लागले. गाव कोणते, हा आमचा प्रश्न किती अवघड होता हे विचारताना आम्हांस ठाऊक नव्हते. त्या देशात रस्त्यांवरील पाट्या सिंहली, तमिळ व इंग्रजी अशा तीन लिप्यांत असतात. आम्हां बेळगावकरांच्या नजरेत त्या पहिल्याच दिवशी भरल्या होत्या. पाट्यांमागची माणसे पाहण्याची बुद्धी मात्र सहाव्या दिवशीही झाली नाही.

गाल व बेंतोटा येथे काय पाहिले ते लिहीत नाही, कारण आमचे लक्ष तेथे नव्हते.

परतण्याच्या आदल्या रात्री वाटाड्याशी मोकळेपणाने बोलणे झाले. त्याने काही लपविले नाही. दुकानांत गाडी थांबली की त्याला व गाडीवाल्याला वाटा मिळतो. त्यावरच त्याचा संसार चालतो, कारण सहलीचा दर शक्य तितका खाली ठेवलेला असतो. २०२० साली विमाने बंद पडली, २०२२ साली देशात इंधनच मिळेना, त्या काळात तो भावाच्या शेतावर भात लावीत होता. ते शेत कोठे, असे विचारता तो हसून म्हणाला, कलावेवाच्या पाण्याखाली! दर कोणी खाली ओढला? आम्हीच. चार कंपन्यांची पत्रके पुढे ठेवून जिच्यात सर्वांत कमी पैशात सर्वांत अधिक ठिकाणे, ती आम्ही निवडली होती. तेव्हा या गाऱ्हाण्याचा निम्मा भार आम्ही स्वतःच्या माथी घेतो.

हे सर्व या अंकात लिहिण्याचे कारण असे की, आपल्या शाळेची वार्षिक सहल याच वळणाने जात आहे. गेल्या वर्षी तीन दिवसांत बदामी, ऐहोळे, पट्टदकल, हंपी व विजापूर आटोपले. परत आल्यावर आठवीच्या वर्गात विचारले असता गोलघुमट कोणत्या गावी आहे यावर दोन तट पडले. म्हणून यंदा आमची सूचना अशी आहे: केवळ बदामी, आणि जवळच असलेले पट्टदकल. तीनही रात्री एकाच ठिकाणी मुक्काम. एक सकाळ अगस्त्यतीर्थ तलावाच्या काठी, कोणताही कार्यक्रम न ठेवता. आणि एक अर्धा दिवस विद्यार्थ्यांनी वाटेत विचारलेल्या फाट्यासाठी राखून ठेवलेला.

एवढ्याच पैशात पाचऐवजी दोनच गावे का, असे पालकसभेत विचारले जाईल. मुक्कामाचा जो खर्च वाढेल तो डिझेलात वाचेल, असा हिशेब क्रीडाशिक्षकांनी करून ठेवला आहे. तो कार्यालयात पाहावयास मिळेल.