लसीच्या दोन तारखांमधले महिने

"लसी सगळ्या वेळेवर झाल्या, पण अजून बसत नाही." नागपुरात बालरुग्ण पाहणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकले आहे. सोबत आलेली आजी समजूत घालते, "याचा बापही उशिराच बसला होता." आणि आपणही कितीदा "पाहू थोडे दिवस" म्हणून मोकळे होतो.

शासकीय लसीकरणाचे वेळापत्रक समोर ठेवा. चौदाव्या आठवड्यानंतर बाळ येते ते थेट नवव्या महिन्यात, त्यानंतर सोळाव्या. कुशीवर वळणे, बसणे, रांगणे, पहिला शब्द, पहिले पाऊल हे सारे बहुतेक या दोन मोकळ्या काळांत घडते. बाळ सर्वांत वेगाने बदलते तेव्हाच ते आपल्या नजरेआड असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांवरून हालचालीच्या प्रमुख टप्प्यांचा पल्ला सांगितला. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, आधाराशिवाय चालणे ८.२ ते १७.६ महिने. पल्ला मोठा आहे, म्हणून तेरा महिन्यांचे मूल चालत नाही एवढ्यावरून आईला घाबरवू नये. पण पल्ल्याला शेवट आहे, म्हणून आपल्या "पाहू"लाही तारीख हवी. अपुऱ्या दिवसांचे बाळ जितके आठवडे आधी जन्मले, तेवढे आठवडे वजा करूनच त्याचे वय मोजावे. आलेले शब्द किंवा हालचाल गेली, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

या मोकळ्या काळावरचा मार्ग विदर्भाला नवा नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे घरभेटींची ही वाट देशाने स्वीकारली. लहान बाळांच्या घरभेटींच्या २०१८च्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात बाळाच्या घरी जातात. यातल्या सहाव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याच्या भेटी नेमक्या आपल्या मोकळ्या काळात येतात.

तेव्हा आशाताईने शंका घेऊन पाठवलेले बाळ "काही नाही" म्हणून परत पाठवू नका. माता-बाल संरक्षण कार्डावरचे विकासाच्या टप्प्यांचे पान वजनाच्या तक्त्याइतकेच नेमाने भरा. बोलणे मागे असेल, तर आधी कान तपासा. घरी वॉकर असेल, तर तो बाजूला ठेवून बाळाला मोकळी जमीन द्यायला सांगा.

आणि नवव्या महिन्याची लस टोचून झाली, की कार्डावर बाराव्या महिन्याची एक तारीख लिहा. त्या दिवशी सुई नसेल. बाळाला चटईवर सोडा आणि दहा मिनिटे नुसते पाहा.