भोंगा थांबला, गोष्ट थांबू नये





सुट्ट्या लागल्या की पुण्या-नागपूरचे पाहुणे आपल्या घरी येतात. आपण त्यांना राजवाडा आणि लालबाग दाखवतो, रात्री सराफ्यात नेऊन भुट्ट्याचा कीस खाऊ घालतो आणि दुसऱ्या दिवशी उज्जैन किंवा महेश्वरच्या गाडीत बसवून देतो. झाले इंदूर पाहून! पण ज्या इंदुरात आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा सायकलला डबा अडकवून मिलच्या भोंग्यासरशी घराबाहेर पडत, ते इंदूर आपण कोणालाच दाखवत नाही.

मालवा, हुकमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी ही नावे आज मुलांना फक्त चौकांची आणि पुलांची वाटतात. एके काळी याच कापड गिरण्यांवर हे शहर पोसले गेले. हुकमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. कामगारांना हक्काच्या पैशासाठी थेट डिसेंबर २०२३ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा सुमारे ४,८०० कामगारांचे २२४ कोटी रुपये मार्गी लागले. तोवर अनेकजण हे जग सोडून गेले होते.

मिलच्या जमिनीतून कामगारांची देणी फिटली, हे योग्यच झाले. शहराला घरे हवीत, रोजगार हवा, हेही आम्हाला मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच की सगळेच पुसून टाकू नये. एखादी चिमणी, एखादा खाता आणि मधल्या वर्षांत तिथे वाढलेली झाडी तरी राखावी. जर्मनीतील एसेन शहराची झोलव्हराइन कोळसा खाण १९८६ मध्ये बंद पडली. लोकांनी ती पाडली नाही. २००१ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि जिथे कोळसा धुतला जाई तिथे आज संग्रहालय आहे. आपल्याकडे तर याहून जिवंत गोष्ट आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या मिलच्या झांक्या! मिल बंद झाल्या, पगार थांबले, तरी कामगारांनी वर्गणी गोळा करून ही सुमारे शंभर वर्षांची परंपरा सोडली नाही. पाहुण्यांना दाखवावे असे याहून मोठे काय असेल?

पण दाखवायचे कोणाला, हाही प्रश्न आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही मुलांना एक जुनी वास्तू पाहायला नेले होते. कुबड्या घेऊन चालणारी आमची एक विद्यार्थिनी पायऱ्यांपाशीच थांबली. "सर, तुम्ही जाऊन या, मी दप्तरे सांभाळते," असे ती हसत म्हणाली. त्या हसण्याची आम्हाला आजही लाज वाटते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. पण उताराची वाट, कठडा आणि बसायला बाक यांसाठी खरे तर कायद्याचीही गरज पडू नये. त्या सोयी आजी-आजोबांनाही लागतातच.

'स्मार्ट' शब्दाचेही तसेच. भिंतीवर चौकोनी कोड चिकटवला की शहर स्मार्ट होत नाही. ज्या शहराने २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिला क्रमांक राखला, जिथे २०२२ पासून ओल्या कचऱ्याच्या गॅसवर बस चालते, त्याला हुशारी शिकवायला नको. तो कोड दाबल्यावर एखाद्या जुन्या साचेवाल्याचा आवाज ऐकू यावा, मराठीत आणि हिंदीतही. आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. घरी मराठी, मिलच्या फाटकावर हिंदी, हेच तर आपले इंदूर आहे.

म्हणून या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक काम करावे. आपल्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एका जुन्या मिल कामगाराजवळ बसावे. पाळी कधी सुरू होई, हातात कोणते काम होते, झांकी कशी बनत असे, हे विचारून दोन पाने लिहून आणावीत. जुने ओळखपत्र किंवा छायाचित्र असेल तर त्याची प्रत आणावी. शाळेत आपण त्याचे प्रदर्शन मांडू, तेही तळमजल्यावर.

हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू नका.