पाहुण्याने कोल्हापुरात जेवायचे कुठे?

सलग सुट्टी आली की पुण्या-मुंबईकडची माणसे कोल्हापूरच्या मित्राला फोन लावतात. अंबाबाईचे दर्शन, जमलेच तर पन्हाळा, आणि मग खायचे काय हा खरा विषय. हल्ली त्याचे उत्तरही पाहुणाच सोबत आणतो. मोबाइलमध्ये यादी तयार असते: फडतरे, चोरगे, बावडा मिसळ, खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ, रात्री गंगावेशीत दूध. मित्राने गाडी काढायची आणि यादीप्रमाणे फिरवायचे. इकडे घरी वहिनींनी रविवारचे मटण आधीच सांगून ठेवलेले असते. दोन दिवसांत दोन्हींना न्याय देता येत नाही, कुणाला तरी नाही म्हणावेच लागते. ते कुणाला म्हणावे?

घराची बाजू आधी पाहू, कारण यादीत तिला सहसा जागाच नसते. तांबडा-पांढरा हा मुळात घरचा स्वयंपाक आहे. कोल्हापुरातल्या खानावळीसुद्धा पाटीवर ‘घरगुती’ लिहितात, ते उगीच नाही. उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते. मिरची, धणे, खोबरे, लसूण, तळलेला कांदा आणि खडा मसाला, सगळे भाजून डंकावर कुटून आणायचे आणि बरणीत भरायचे. बाकीचा महाराष्ट्र ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतो, ती इथली चटणी. प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे, म्हणून शेजारशेजारच्या दोन घरांचा तांबडा एकसारखा लागत नाही. पांढऱ्याला तर जास्तच निगुती लागते. मटण शिजवून त्याचे अळणी पाणी काढायचे, तीळ-खसखस-काजूचे वाटण बारीक करायचे, ओला नारळ वाटून पिळून दूध काढायचे, लवंग-दालचिनी-मिरीची फोडणी द्यायची. नारळाचे दूध पडले की आच मंद, आणि उभे राहून ढवळत राहायचे. जोराची उकळी आली की रस्सा फुटतो. शंभर माणसांच्या पातेल्यात हे साधणे अवघड, आणि साधले तरी त्याला त्या एका घराची चव येत नाही. जे कुठल्याच हॉटेलात मिळणार नाही, ते मित्राच्या ताटात आयते समोर येत असताना ‘आम्ही बाहेरच खातो’ म्हणणे हा पाहुण्याचाच तोटा आहे.

पण याच ताटामागे कुणाचा तरी अख्खा रविवार जातो. नारळ खवण्यापासून भांडी आवरण्यापर्यंतचे काम बहुतेक घरांत एकाच बाईच्या वाट्याला येते, आणि पाहुणे निघाले की तिचा सोमवार सुरू होतो. ‘तुम्ही त्रास घेऊ नका’ असे तोंडाने म्हणून काही होत नाही. एखादी वेळ सगळ्यांनी, घरच्या बाईसकट, बाहेर जाऊन बसावे, ही मागणी रास्त आहे.

शिवाय काही पदार्थ बाहेरचेच. मिसळ घरी होते, पण कोपऱ्यावरच्या दुकानातली वेगळी. मोठ्या पातेल्यात कट तासन् तास मुरतो, वर लालभडक तवंग येतो. वाढणारा मटकी, शेव-फरसाण, कांदा-कोथिंबीर एकापाठोपाठ टाकतो आणि पळीभर कट ओततो. सोबत स्लाइस ब्रेड. कट पुन्हा मागायचा आणि ब्रेड बुडवून भुरका मारत खायचे. पहिल्या घासाला ठसका लागला की शेजारचा अनोळखी माणूस पाण्याचा ग्लास पुढे सरकवतो. असली शेजारपंगत घरात कुठून आणणार?

शेजारपंगतीचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याला याच शहराचा इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा राजा उघड्यावर पितो, हे पाहून बरोबरच्यांनाही कप उचलावा लागला. घराच्या चुलीपाशी जात जितका कडक पहारा देते, तितका तिला बाकड्यावर देता येत नाही. बाहेर खाण्याला निव्वळ चैन म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा बाहेर जावे. पण यादीप्रमाणेच जावे का? नावाजलेली ठिकाणे फुकट नावाजली जात नाहीत. त्यातली काही मोबाइल येण्याच्या आधीपासून गर्दी खेचतात. ज्याला एकदाच यायचे आहे त्याने तिथे जाण्यात काहीच गैर नाही. अडचण होते ती सगळ्यांची यादी एकच असते तेव्हा. सुट्टीच्या सकाळी तिथे रांग लागते, रोज येणारा कामगार घड्याळ बघून परत फिरतो, आणि पाहुणा तासभर उभा राहून दहा मिनिटांत उठतो. मागे माणसे ताटकळलेली असताना निवांत बसणार कसे? दोन गल्ल्या पलीकडे मित्र कॉलेजपासून जिथे उधारीवर खात आला, त्या गाड्यावर जागाही मिळते आणि गाडेवाला मित्राला नावाने हाक मारतो. माझा कौल त्या गाड्याला. तिथली मिसळ शहरात सर्वांत चांगली असेलच असे नाही, पण मित्राच्या रोजच्या आयुष्याचा एक तुकडा तिथे पाहायला मिळतो, आणि आपण शेवटी मित्राकडेच आलेलो असतो.

मित्राच्या मागे डोळे झाकून जावे असे मात्र नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळते धारोष्ण दूध देतात. तालमींच्या या शहराचा तो जुना रिवाज आणि मोठा अभिमान. पण न उकळलेल्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात. लहान मुले, गरोदर बाई किंवा आजारातून उठलेला माणूस बरोबर असेल तर आग्रह कितीही झाला तरी नको म्हणावे. ‘एवढ्यानं काय होतंय’ हे ऐकून घ्यावे आणि तरीही नको म्हणावे. तिखटाचेही तेच. सोसत नसेल तर कट बाजूला मागून घेण्यात कमीपणा नाही, आणि यजमानानेही त्याची थट्टा करू नये.

राहिला पैशाचा प्रश्न. कोल्हापुरात पाहुण्याने पाकीट काढले की भांडणच होते. ‘आमच्या गावात येऊन तू पैसे देणार?’ या बोलण्यात खरे प्रेम असते. पण यादी पाहुण्याची, तोंडे चार-पाच आणि ठिकाणे पाच-सहा असली की महिन्याच्या पगारात भागवणाऱ्या घराला ते जड जाते, आणि अभिमानी माणूस तसे कधीच बोलून दाखवत नाही. तेव्हा घरचा रस्सा त्यांचा आणि बाहेरचे बिल आपले, हे निघण्याआधी फोनवरच ठरवून टाकावे. गल्ल्यावर हात धरून ओढाताण करण्यापेक्षा ते दोघांनाही सोपे जाते. आणि त्याच फोनवर वहिनींनाही विचारावे, मटण घरी करायचे की या खेपेला सगळेच खानावळीत जाऊ या. त्यांनी खानावळ म्हटले तर पाहुण्याने हिरमुसू नये.