गोळी आणि घाम

दिवाळीच्या फराळाशेजारी औषधाची बाटली कशाला मांडता, असे वाचक विचारतील. मांडतो; कारण ती आता घराघरांत शिरली आहे. मुदखेडास केंद्रीय राखीव पोलीस दलाचे प्रशिक्षण महाविद्यालय आहे. पहाटे धावणारी पोरे आम्हांस परकी नाहीत. पोरगा भरतीसाठी धावू लागला, की घरची माणसे दुधाचे पैसे वाचवून ‘अँटिऑक्सिडंट’ गोळ्या आणतात. का, तर थकवा झटपट उतरतो म्हणे!

उतरतो काय? धावताना स्नायूंत ऑक्सिजनचे काही उपद्रवी कण उपजतात, हे खरे. पण तेच शरीराला हाक देतात, की बाबा, बळ वाढव! गोळी त्या हाकेचेच तोंड दाबते. २०१४ साली नॉर्वेतील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५४ जणांनी ११ आठवडे व्यायाम केला. काहींना रोज ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दम सर्वांचा सारखाच वाढला. मात्र स्नायूंतील शक्तिकेंद्रे वाढल्याच्या खुणा गोळ्या न घेणाऱ्यांतच दिसल्या. अंगदुखीचे म्हणाल, तर २०१७ साली ५० प्रयोगांचा आढावा झाला. जो उतार आढळला तो जाणवण्याजोगाही नव्हता.

ज्याच्या शरीरात खरीच उणीव आहे, त्याला डॉक्टरांनी अवश्य गोळी द्यावी. इतरांनी पेरू खावा. एका मध्यम पेरूत दिवसाच्या गरजेहून अधिक ‘क’ जीवनसत्त्व असते. दुधाचे पैसे दुधालाच राहू द्या, आणि दमलेल्या पोराला पोटभर जेवून गाढ झोपू द्या. थकव्यावर याहून जुने आणि खरे औषध नाही.