घडीतला बैल

पोळ्याला मामा-मावशीला पाठवायचं शुभेच्छापत्र आसेगावच्या पोरांनी विकत कशाला आणावं? लग्नसराईत आलेल्या पत्रिका घरोघरी पडून असतात. त्यांचा जाड कागद, कोरी बाजू आत घेतली की, या कामाला फर्मास. पत्रिका मधोमध दुमडायची, घडीवर दोन सारख्या लांबीच्या समांतर चिरा द्यायच्या आणि मधली पट्टी आत ढकलून उलटी घडी पाडायची. झाली पायरी! तिच्या दर्शनी बाजूला बैल चिकटवला की कार्ड उघडताच तो उभा राहतो. एकाच कागदातून अख्ख्या इमारती उठवण्याची कला जपानी वास्तुरचनाकार मासाहिरो चातानी यांनी 1980 च्या दशकात गाजवली. आपल्याला एक बैल पुरे. घोळ होतो तो मापात. पायरीची खोली आणि बैलाची उंची यांची बेरीज मिटलेल्या कार्डाच्या रुंदीपेक्षा जास्त झाली, की शिंगं बाहेर डोकावतात. अशा वेळी शिंगं छाटू नका, पायरीच उथळ करा. वशिंड मात्र ठसठशीत हवं, शिंगांना खरी बेगड हवी, आणि झूल रंगवायचं काम घरातल्या सगळ्यात धाकट्याकडे; रंग रेषेबाहेर गेला तरी चालेल. डिंक थेंबभरच लावा, नाहीतर कागद सुरकुततो आणि बैल बसतो.